हिंदूरावच्या गच्चीवरची खरपूस कॉफी

पहिल्यांदा गच्चीवर कॉफी भाजायला घेतली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आंटी धापा टाकत वर आल्या. "भैया, कुछ जल रहा है क्या?" जळत नाही, भाजतंय, असं मी सांगितलं, पण कढईतून निघणारा धूर बघता त्यांना ते पटण्यासारखं नव्हतं. दोन्हींतलं अंतर मला हिंदीत धड सांगता येईना. आईला फोनवर सांगितलं तेव्हा एका शब्दात भागलं: खरपूस.

बेसनाच्या लाडवाचं बेसन असो की कांदा-लसूण मसाल्यातलं सुकं खोबरं, प्रत्येकाची खरपूस होण्याची एक वेळ असते आणि तिच्यामागे अर्ध्या मिनिटावर करपण्याची वेळ टपून बसलेली असते. डार्क रोस्ट कॉफीचं सगळं सुख या अर्ध्या मिनिटात आहे. काळी कॉफी म्हणजे कडू जहर असं म्हणणाऱ्यांनी बहुधा करपलेली कॉफी प्यायलेली असते. नीट भाजलेल्या काळ्या कॉफीला कडवटपणा असतोच, पण तो कारल्याच्या जातीचा नसतो. गूळ किंचित जास्त तापून काळपट झाला की जसा लागतो, तसा तो जिभेवर रेंगाळतो.

कृतीकडे वळण्याआधी जागेबद्दल थोडं. हिंदूराव म्हटलं की दिल्लीकराला रिजवरचं महापालिकेचं मोठं रुग्णालय आठवतं. हे नाव मराठी माणसाचं आहे हे इथल्या रिक्षावाल्यांना ठाऊक नसतं, आणि इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या मराठी मंडळींनाही नसतं. हिंदूराव हे कागलच्या घाटग्यांपैकी. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, त्यांचे हे भाऊ. दिल्लीतला ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्याचा टेकडीवरचा बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूची गुरखा पलटण याच बंगल्यात ठाण मांडून होती. रुग्णालय आज त्याच आवारात आहे आणि खाली सदर बाजाराच्या बाजूला बाडा हिंदूराव नावाची वस्ती आहे. आम्ही कोल्हापूरकडचे, त्यामुळे कागलच्या माणसाच्या नावाच्या रुग्णालयासमोरून जाताना थोडी छाती फुगते. त्याचा कॉफीशी काही संबंध नाही, हे मान्य.

कॉफी मात्र या शहरात नवी नाही. निजामाबरोबर दख्खनमधून दिल्लीला आलेल्या दर्गाह कुली खानाने १७४० च्या आसपासच्या दिल्लीचं वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यात चांदणी चौकातले कहवाखाने आहेत आणि तिथे जमणारे शायरही आहेत. पुढे इंग्रजांमागून चहा आला आणि सगळा उत्तर हिंदुस्थान त्याने व्यापला. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर आज रात्री दोन वाजताही चहा मिळेल. कॉफी मागितलीत तर पाकिटातली पावडर दुधात ढवळून देतील. म्हणून घरी भाजायची.

साहित्य

कच्ची कॉफी २०० ग्रॅम. जाड लोखंडी कढई, तळाला गोल. लाकडी उलथनं. दोन मोठ्या धातूच्या चाळण्या. टेबलफॅन. हवाबंद बरणी. पिण्यासाठी स्टीलचा फिल्टर, दूध, साखर आणि एक जायफळ.

कच्ची कॉफी किराणा दुकानात मिळत नाही. चिकमगळूर आणि कोडगूचे काही मळेवाले, शिवाय घरी भाजणाऱ्यांसाठी विकणारे व्यापारी ती कुरिअरने पाठवतात. माझी पहिली खेप बंगळुरूच्या मेहुण्याने आणली होती. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते. मिळाली तर जरूर घ्या, महाराष्ट्रातल्या मातीची कॉफी म्हणून तिचं वेगळंच अप्रूप आहे. अरेबिकामध्ये धुवून वाळवलेल्या बियांना 'प्लांटेशन' म्हणतात आणि फळासकट वाळवलेल्यांना 'चेरी'. माझं प्रमाण: १४० ग्रॅम अरेबिका आणि ६० ग्रॅम रोबस्टा. रोबस्टाने अंग येतं, पेयावर दाट फेस येतो आणि दूध घातल्यावर चव बुडत नाही. शंभर टक्के अरेबिकाचा आग्रह धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना दूध घालून प्यायला सांगतो.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगेन. कढईत भाजायची असेल तर अरेबिका 'पीबेरी' घ्या. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया समोरासमोर असतात, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट. एखाद्या फळात एकच बी धरते, ती वाटाण्यासारखी गोल होते, ती पीबेरी. चवीबद्दल तिचं जे कौतुक होतं त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण गोल बी कढईत गडगडत राहते. सपाट बाजूची बी बूड टेकून बसते आणि तिथे काळा डाग पडतो. यंत्रात भाजणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, कढईवाल्याला पहिल्याच दिवशी जाणवतो.

कढई फोडणीची नको. लोखंडात मुरलेला हिंग-मोहरीचा वास कॉफीत उतरतो आणि मग तो काही केल्या जात नाही.

पूर्वतयारी

बिया ताटात पसरून गहू निवडतो तशा निवडा. तुटक्या, काळ्या पडलेल्या आणि टाचणीएवढं भोक असलेल्या बिया बाजूला काढा. ते भोक कॉफीवरच्या भुंग्याचं. फुटके तुकडे बाकीच्यांच्या आधी करपतात आणि सगळ्या घाण्याला राखेची चव देतात. धुवायच्या मात्र नाहीत. बीमध्ये दहा ते बारा टक्के पाणी असतंच, तेवढंच हवं.

जागा उघडी पाहिजे. शेवटच्या दोन मिनिटांत जो धूर होतो तो स्वयंपाकघरात मावत नाही, पडद्यांना चार दिवस वास येतो. मी गच्चीवर छोटा सिलिंडर आणि एक शेगडी लावतो, वारा अडवायला तीन बाजूंनी विटा. नोव्हेंबरात दिल्लीच्या हवेत आधीच पुरेसा धूर असतो, त्या महिन्यात मी भाजत नाही. ऑक्टोबरातच दोन घाणे काढून ठेवतो. मे-जूनमध्ये गच्चीवर उभं राहणंच अशक्य, त्यामुळे तेव्हा पहाटे पाचला. आणि रिज जवळ असल्याने माकडांचा विचार करावाच लागतो. एकदा थंड होत ठेवलेली अख्खी चाळणी एका माकडाने उचलली, दोन बिया चावल्या, माझ्याकडे अतिशय तुच्छतेने पाहिलं आणि उरलेल्या शेजारच्या गच्चीवर फेकून दिल्या. तेव्हापासून सोबतीला एकजण काठी घेऊन बसतो.

भाजणं

कढई मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. दोन बिया टाकून बघा. लगेच चटका बसून डाग पडला तर कढई फार तापली आहे, मिनिटभर आच काढा. मग सगळ्या बिया एकदम घाला आणि हात हलवायला लागा. इथून पुढे पंधरा मिनिटं हात थांबवायचा नाही. फोन आला तर येऊ द्या.

पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. हिरवट रंग फिका होतो, मग पेंढ्यासारखा पिवळा, आणि वासही ओल्या पेंढ्याचाच येतो. हा वास कॉफीचा नाही म्हणून नवखा माणूस घाबरून आच वाढवतो. वाढवू नका. पाणी निघून जायला हा वेळ लागतोच. घाई केली तर बी बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते, जशी मोठ्या आचेवरची भाकरी. सातव्या-आठव्या मिनिटाला तोच वास बदलून भाजलेल्या पावाचा होतो, रंग दालचिनीचा. बियांवरची पातळ साल सुटून उडायला लागते. ती हलकी असते आणि चटकन पेट घेते, तेव्हा फुंकर ज्योतीच्या दिशेने घालू नका.

दहाव्या ते बाराव्या मिनिटाच्या दरम्यान पहिली तडतड ऐकू येते. ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा स्पष्ट, मोकळा, एकेक आवाज. बीमधली वाफ तिला आतून फोडते. आकार वाढतो, मधली घडी उघडते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास हे होतं. इथे थांबलात तर ती लाइट रोस्ट: आंबूस, फुलांचा वास असलेली, आजकाल दिल्लीतल्या नव्या कॉफीवाल्यांकडे जी प्रतिष्ठेची समजली जाते. या मंडळींनी भारतीय कॉफीला मळ्याचं नाव दिलं, भाजल्याची तारीख पाकिटावर छापली, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांच्यातल्या काहींना डार्क रोस्ट म्हणजे अडाण्यांचं पेय वाटतं, ते मला मान्य नाही. वाईट बिया लपवण्यासाठी जाळणारे असतात, ते खरं. चांगली बी निवडून तिला काठापर्यंत नेणं याला जास्त लक्ष लागतं.

तर पहिली तडतड सुरू झाली की आच थोडी कमी करा, कारण आता बी स्वतःही उष्णता बाहेर टाकते आणि पुढचा प्रवास वेगाने होतो. तडतड मंदावते, मग दीड-दोन मिनिटं शांतता. हा काळ मला सगळ्यांत आवडतो. रंग तांबूस तपकिरीवरून गडद चॉकलेटी होतो आणि वासात दर पंधरा सेकंदांनी फरक पडतो: भाजके शेंगदाणे, मग काकवी, मग किंचित तंबाखू. आत काय चाललेलं असतं? बीमधली साखर जवळपास सगळी मोडून कारमेलसारख्या पदार्थांत बदलते. तिचे आंबट घटकही मोडत जातात आणि त्यांच्यापासून कडवटपणा देणारे पदार्थ बनतात. हा कडवटपणा सुरुवातीला सौम्य आणि स्वच्छ असतो. भाजणं लांबलं की याच कडवट पदार्थांपासून दुसरे, घशाला खरखरणारे कडू पदार्थ तयार होतात. खरपूस आणि करपलेलं यांतला फरक रसायनाच्या भाषेत एवढाच.

मग दुसरी तडतड. हिचा आवाज वेगळा, बारीक, भराभर, वाळलेल्या पानांवर कुणी पाय दिल्यासारखा. आता वाफ नाही, बीचा सांगाडाच मोडतो आहे. तापमान २२५ अंशांच्या आसपास. धूर निळसर होतो, बीच्या पृष्ठभागावर तेलाचे टिपके चमकायला लागतात. पहिले आठ-दहा आवाज ऐकले की मनात मोजायला सुरुवात करा. पंधरापर्यंत मोजून आच बंद केलीत तर मऊ, गोडसर काळी कॉफी. तीसपर्यंत गेलात तर धुरकट आणि जडशी, दुधासाठी उत्तम. पंचेचाळीसला मी एकदाच गेलो होतो. ती कॉफी कुंडीत गेली. डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतो, आवाज फसवत नाही.

गॅस बंद केल्यावरही लोखंडी कढई भाजत राहते, हे विसरू नका. बिया ताबडतोब चाळणीत ओता आणि पंख्यापुढे एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीत पाखडत राहा. सूप इथे वापरू नका, इतक्या तापलेल्या बियांनी बांबू करपतो. चार मिनिटांच्या आत बी हाताला कोमट लागली पाहिजे. जानेवारीच्या रात्री दिल्लीत हे काम दोन मिनिटांत होतं. या शहराच्या थंडीचा हा एकमेव फायदा मला सापडला आहे. उरलेला कोंडा थंड झाल्यावर सुपात पाखडून काढा.

चुकून कढईतल्या बियांनी पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवा.

वजन करून बघा. २०० ग्रॅमचे १६५ ग्रॅमच्या आसपास उरले असतील तर भाजणं बरोबर झालं. १७५ भरले तर अजून पुढे जायला हवं होतं, १५५ भरले तर करपलीच.

मुरवणं

ताजी म्हणून लगेच दळू नका. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो पहिल्या दिवशी जोरात बाहेर पडतो. चोवीस तास बरणीचं झाकण सैल ठेवा, मग घट्ट लावा. चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे ती सर्वोत्तम. काळ्या कॉफीचं तेल बाहेर आलेलं असतं, ते हवेने खवट होतं, म्हणून ती लाइट रोस्टपेक्षा लवकर शिळी होते. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरते आणि कालच्या भाजीचा वासही. पावसाळ्यात एका वेळी निम्माच घाणा काढावा.

गाळणं

फिल्टरसाठी दळण बारीक रव्याएवढं. मिक्सर चालतो, पण तीन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी, मध्ये भांडं हलवत. सलग फिरवलं तर कॉफी तापते. गडद भाजलेली बी ठिसूळ असते, लवकर पूड होते, त्यामुळे नेहमीपेक्षा एक झटका कमी.

पाण्याबद्दल दिल्लीत बोलावंच लागतं. बोअरचं जड पाणी चव मारतं आणि आरओचं पाणी कॉफीला पाणचट करतं, कारण चव ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. कॉफीवाले विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास आदर्श मानतात. मी नळाचं उकळलेलं आणि आरओचं निम्मं-निम्मं घेतो.

फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड, वर चकती हलकेच टेकवा, दाबू नका. पाणी उकळून खाली उतरवा आणि दीड मिनिट थांबा. काळ्या कॉफीला खळखळतं पाणी नको, ९० अंशांच्या आसपासचं पुरे. उकळतं पाणी राखेची चव उपसून काढतं. आधी ३० मिलिलिटर ओता, अर्धं मिनिट थांबा, पूड फुगून वर येईल. मग आणखी ९० ओता आणि झाकण ठेवा. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून वीस मिनिटांनी खाली ८० मिलिलिटर काढा उतरलेला असेल. यात दोन कप होतात.

पहिला घोट दुधाशिवाय घ्या. काढ्यात दुप्पट गरम पाणी, साखर नको. मला काळ्या कॉफीची सवय कॅनॉट प्लेसच्या मोहन सिंग प्लेसमधल्या इंडियन कॉफी हाऊसने लावली. कामगारांच्या सहकारी संस्थेचं दिल्लीतलं पहिलं कॉफी हाऊस १९५७ मध्ये कॅनॉट प्लेसलाच उघडलं, त्याचाच हा पुढचा संसार. तिथली कॉफी फार भारी असते असं नाही, पण एका कपावर तासभर कुणी उठवत नाही.

दुधाची करायची तर दूध सायीचं, एकदाच उकळलेलं. कपात ४० मिलिलिटर काढा, वर १२० दूध. दूध आणि काढा एकत्र उकळू नका. आपल्या घरांतून कॉफी दुधातच उकळायची पद्धत होती आणि त्यावर जायफळ. पद्धत सोडा, जायफळ ठेवा. खारी बावलीतून अख्खं आणून कपावर किसणीचे दोन फेरे, तिसरा नको. खरपूस कॉफीच्या धुराला जायफळाचा तो उबदार, किंचित झोपाळू वास इतका शोभतो की मला हे दाक्षिणात्य मित्रांना सांगताना संकोच वाटत नाही. त्यांना वाटतो.

चिकोरी? मी दहा टक्के घालतो, पाहुणे आले तर. ती कासनीची भाजलेली मुळी. दिल्लीपासून फार लांब नाही, उत्तर प्रदेशातल्या एटा-कासगंजकडे तिची शेती आहे. चिकोरीने काढा दाट आणि काळा दिसतो, पण तिच्यात कॅफिन नसतं. कायद्याप्रमाणे मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे तुमच्या आवडत्या पाकिटात जवळजवळ निम्मी मुळी असू शकते. पाकीट उलटून वाचा.

काही चुकलं तर: कॉफी आंबट आणि गवताळ लागली तर भाजणं अपुरं होतं किंवा सुरुवातीची आच मोठी होती. जिभेवर राख राहिली तर दुसऱ्या तडतडीत जास्त मोजलं गेलं. चव चांगली पण पाणचट असेल तर दळण जाड झालं. आणि एक गैरसमज: काळी कॉफी प्यायली की जास्त झोप उडते असं रात्रपाळीवाले सांगतात. भाजण्याने बीमधलं कॅफिन फारसं बदलत नाही. गडद भाजलेली बी फुगून हलकी झालेली असते, त्यामुळे चमच्याने मोजलंत तर उलट थोडं कमीच पडतं. म्हणून वजनाने मोजा.

आंटी आता वर येत नाहीत. धूर दिसला की जिन्यातूनच विचारतात, "हो गई?" त्यांचा कप दुधाचा, दोन चमचे साखर, जायफळाशिवाय.

चोथा टाकू नका. वाळवून तुळशीच्या कुंडीत महिन्यातून एक चमचा घाला. जास्त घातलात तर वर बुरशी धरते.